वजाबाकीत उरलेला आवाज

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. पवनी.

आज काय झाले, क्रमाने:

१. सकाळी सात वीसला नागपूरहून टेम्पो निघाला. स्पीकरच्या तीन जोड्या, एक अ‍ॅम्प्लिफायर, चार मायक्रोफोन, ड्रायव्हर डोमा आणि मी.

२. उमरेड-भिवापूरच्या रस्त्याने आलो. भंडाऱ्याचा हायवे नको, असे मी आधीच सांगितले होते.

३. दहा वाजता पवनी. घर सापडेना. डोमाने पानठेल्यावर विचारले. ठेलेवाला म्हणाला, खोलीत कोंडा भरणाऱ्या साहेबांचं घर ना? सरळ जा, कुत्रं भुंकलं की डावीकडं.

४. कुत्रे भुंकले. डावीकडे वळलो.

५. दार सत्यभामाबाई रामटेके यांनी उघडले. वय बासष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी डोमाकडे पाहून विचारले, इंजिनिअरसाहेब तुम्हीच का. मी आहे, असे मी सांगितल्यावर डोमाला म्हणाल्या, "मंग तू कायले छाती फुगवून उभा आहेस? खोके उचल."

६. एकही खोका आपटला नाही.

७. जेवायला भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. नको म्हणूनही तीनदा वाढले.

मी खूश आहे. हे मी सहसा लिहीत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजपासून आकडे घालणार नाही. सत्यभामाबाईंचे बोलणे आकड्यांत बसत नाही.

आमची कंपनी घरी गाणे ऐकण्याचे महागडे स्पीकर विकते. दुकानात गोड वाटलेला स्पीकर घरी गेला की घुमतो किंवा कोरडा पडतो, कारण अर्धा आवाज खोलीचा असतो. म्हणून मोठे गिऱ्हाईक असले तर तीन जोड्या त्याच्या घरी लावतो. आधी मी मोजते, मग ते ऐकतात, मग ठरते. पंधरा दिवस लागतात. तोवर मी इथेच, समोरच्या खोलीत राहणार.

स्पीकरसाठी नाव नोंदवले होते बाईंचे पती हिरालाल यांनी. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे आणि धम्माच्या कार्यक्रमांत गायचे. मार्चमध्ये गेले. आम्ही फोन केला तेव्हा बाईंनी नोंदणी रद्द केली नाही. त्यांना त्यांच्या गाण्याच्या कॅसेटी नीट ऐकायच्या आहेत. ज्या जोडीवर तो खरा वाटेल ती घेणार, असे म्हणाल्या. नवऱ्याला एकेरीत बोलतात आणि मग जीभ चावतात.

ऐकण्याची खोली हिरालाल यांनी स्वतः बांधली. चारही कोपऱ्यांत छतापर्यंत धानाच्या कोंड्याची पोती, वर सुती कापड शिवलेले. खालचा आवाज कोपऱ्यात साचतो, तो कोंडा पिऊन टाकतो. परदेशी फोमपेक्षा निकाल चांगला आहे. मी दोनदा मोजले. मला त्यांना भेटायला आवडले असते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाहेर धान चुरणे, म्हणजे मळणी, चालू आहे. यंत्र दुपारी साडेबारा ते दोन बंद असते, मजूर जेवतात. तेवढा वेळ पूर्ण शांतता. मोजमाप त्याच वेळात.

प्रत्येक खोलीत पहिल्यांदा एकच फाइल वाजवतो. एक पुरुष एक ते वीस अंक म्हणतो. पुण्यातल्या अशा कक्षात केलेली, जिथे भिंतीवरून काहीच परत येत नाही. म्हणजे त्या आवाजाला खोली नाही. तो जिथे वाजवाल तिथेच माणूस उभा राहून बोलतो आहे असे वाटले, तर स्पीकर खरा.

अंक म्हणणारा आमच्या कंपनीतला अश्विन. जानेवारीपासून तो कंपनीत नाही.

पद्धत: फाइल चौसष्ट वेळा वाजवायची, चौसष्ट वेळा रेकॉर्ड करायची, सरासरी घ्यायची. कुत्रे, मोटारसायकल, भांडे, जे येते-जाते ते पुसले जाते. जे दर वेळी तिथेच असते ते वर येते. मग त्यातून मूळ फाइल वजा करायची. उरते ती खोली.

आज जोडी क. लहान, स्टँडवर बसणारी. निकाल स्वच्छ. अश्विन काचेपलीकडून बोलतो आहे असे वाटते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जोडी ख. माणसाच्या छातीएवढी उंच, एकेक नग बावन्न किलो. बाईंनी हिरालाल यांची कॅसेट लावायला सांगितली. गाण्याआधी ते एकदा खाकरतात. खाकरणे आले तशा बाई हसल्या. म्हणाल्या, "बाप्पा! याचं पोट कधी सुटलं? इतका जाडा कवाच नव्हता तो."

अचूक निदान आहे. ऐंशी हर्ट्झला तीन डेसिबलचा फुगवटा. बाईंना नोकरी द्यावी, असे मी चंद्रकुमारला फोनवर सांगितले. चंद्रकुमार म्हणजे नागपूरचा माझा सहकारी. तो म्हणाला, खुशबू, तू हसलीस का आत्ता?

शनिवार, १५ नोव्हेंबर

जोडी ग. पेटी नाही, शंकू नाही. दाराएवढ्या उंच चौकटीत ताणलेला पातळ पडदा, तोच हलतो. मी पाहिलेला हा सर्वांत उघडा आवाज.

हिरालाल खाकरले. बाई हसल्या नाहीत. गाणे संपेपर्यंत खुर्चीत ताठ बसून होत्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ बराच वेळ चालू होता.

दुपारी अश्विनची फाइल, चौसष्ट वेळा. वजाबाकी केली. उरलेल्यात "एक, दोन, तीन" ऐकू आले.

पहिला विचार: वाजवणाऱ्या आणि रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रांचे घड्याळ एकमेकांपासून सरकले, वजाबाकी पूर्ण झाली नाही. असे होते. पण तसे झाले तर वीसही अंक थोडेथोडे उरतात. इथे तीन पूर्ण आहेत आणि सतरा नाहीत. मायक्रोफोन चार असल्यामुळे आवाज कोणत्या मायक्रोफोनला आधी पोचला त्यावरून जागा काढता येते. दोन पडद्यांच्या मधोमध, खुर्चीपासून ३.४ मीटर. तिथे काही नाही. मी जाऊन उभी राहिले.

रविवार, १६ नोव्हेंबर

सत्यभामाबाईंनी जेवताना विचारले, "तो अंक म्हणणारा तुह्या माणूस होता का?"

कंपनीतला सहकारी, असे मी सांगितले. त्या भात कालवत राहिल्या. शाळेत पस्तीस वर्षे पोरांचे खोटे ऐकले आहे, म्हणाल्या, सहकाऱ्याचा आवाज कोणी डोळे मिटून ऐकत नाही.

मग सांगितले. फेब्रुवारीत नोंदणी पद्धतीने लग्न करणार होतो. सतरा जानेवारीला भंडाऱ्याच्या हायवेवर शहापूरजवळ ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. फाइल बदलायची का असे कंपनीने विचारले होते. मी नाही म्हटले, मोजमापात सातत्य हवे असे कारण दिले. त्यानंतर एकूण अकरा घरांत मी त्याला वीसपर्यंत मोजायला लावले आहे.

बाईंनी सांत्वन केले नाही. पापड माझ्या ताटात टाकला.

वजाबाकीत काय उरले तेही सांगितले. त्या म्हणाल्या, आमच्या घरात भूतखेत नाही. सासऱ्यांनी छप्पनला दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत, जा वाच. मी म्हटले, मीही मानत नाही. बराच वेळ आम्ही दोघी न मानता बसलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा ग. चौसष्ट वेळा. उरले: एक ते पाच. अंतर २.७.

संध्याकाळी हेडफोनवर मूळ फाइल तपासली. सुरुवात "सहा"पासून होते. त्याआधी सात सेकंद शांतता. संगणकाच्या पडद्यावर आलेख मात्र पूर्ण दिसतो, पाचही अंकांचे उंचवटे जागच्या जागी. फाइलमध्ये एक बिटही बदललेला नाही, तेही तपासले.

हेडफोन बाईंना दिला. त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. एक, दोन, तीन, चार, पाच. त्यांना ऐकू येतात.

माझी श्रवणचाचणी मीच घेतली. अडीचशे ते आठ हजार हर्ट्झ, दोन्ही कान, निर्दोष.

म्हणजे फाइल ठीक आहे आणि कानही ठीक आहेत. फक्त ते पाच अंक मला नाहीत. ते त्या खोलीत आहेत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी सत्यभामाबाई जुना टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. कॅसेट मागे घ्यायच्या, लावायच्या, पुन्हा मागे. मला ऐकायला सांगितले. हिरालाल खाकरले, गाणे सुरू झाले. बाई म्हणाल्या, मला खाकरणं येत नाही. खरखर येते, मग एकदम गाणं.

पडद्यांवर त्यांनी कॅसेट एकदाच ऐकली होती. एकदाच.

त्यांनी टेपरेकॉर्डर बंद करून पदराने पुसला. म्हणाल्या, "खाकरणं गेलं त गेलं. बाकीचा मी देत नाही, पोरी. खरखरीतला का होईना, माह्यापाशी राहू दे." तिन्ही जोड्या परत न्यायला सांगितल्या. आणि मला म्हणाल्या, तुझे पंधरा अंक अजून तुझ्याकडे आहेत. उठ इथून.

टेम्पो सोमवारी येईल, असे मी सांगितले. अहवालासाठी एक मोजमाप बाकी आहे, असेही सांगितले.

बाकी नव्हते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

का, ते लिहून ठेवते.

कक्षात त्याने अंक सपाट म्हटले होते. मीच तसे सांगितले होते, भाव नको. उरलेल्या आवाजात तो सपाट नाही. आज एक ते नऊ आले. सातनंतर तो हसला. फाइलमध्ये हसू नाही, कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही. सातनंतर आठऐवजी नऊ म्हणायला लागून त्याने स्वतःला सावरले, आणि हसला.

दहा महिने माझ्याकडे फक्त तोच आवाज होता जो मी त्याच्याकडून करवून घेतला होता. हा त्याचा आहे.

अंतर १.९. फाइलमध्ये माझ्याकडे उरले अकरा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

फोनमध्ये त्याचे एकतीस व्हॉइस मेसेज आहेत. जानेवारीपासून उघडले नव्हते. आज उघडले.

शहापूरच्या चौकातून पाठवलेला, बेचाळीस सेकंदांचा. ट्रकचा हॉर्न येतो. चहावाल्याचा स्टोव्ह येतो. कोणीतरी कवडू अशी हाक मारतो. मध्ये भोके. ती भोके म्हणजे तो बोलतो आहे.

एकतीसही तसेच.

काय म्हणाला होता ते अर्थाने आठवते. आवाज आठवायला गेले की माझाच आवाज येतो.

थांबायला हवे. थांबले तर अकरा अंक राहतील. अकरा ते— नाही. दहा ते वीस.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

बाई पुतणीच्या लग्नाला आठवडाभरासाठी आंधळगावला गेल्या. मला सोबत यायचा आग्रह केला, माझी पिशवीही भरून ठेवली होती. सामान बांधायचे आहे, असे मी म्हटले. फाटकातून परत आल्या, ऐकण्याच्या खोलीच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मी कोंडून ठेवणारी कोण? तू शहाणी आहेस. खोटं बोलतेस, पण शहाणी आहेस."

साडेबाराला यंत्र बंद झाले.

कुलूप काढले.

चौसष्ट. उरले चौदापर्यंत. १.२ मीटर. आता तो अंकांच्या मध्ये श्वास घेतो. श्वासाचा आवाज मला लगेच ओळखता आला— आला का? आला असे वाटले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

चंद्रकुमारला फोन करून सांगितले की टेम्पो सोमवारी नको, आणखी चार दिवस. त्याने विचारले, काय मोजते आहेस इतके. पुनरावृत्ती, म्हटले. खोटे नव्हते.

चौसष्ट वेळा रेकॉर्ड करणे म्हणजे चौसष्ट वेळा हाक मारणे, हे मला पहिल्या दिवशी कळायला हवे होते. सरासरीत काय वर येते ते मीच लिहिले आहे.

आज मोजले नाही. खुर्चीतही बसले नाही. दाराबाहेर बसले. साडेबारा ते दोन, आतून काही नाही.

ती शांतता वाईट होती. वाट पाहणाऱ्याची होती.

रविवार, २३ नोव्हेंबर

मोजले.

अठरा. ०.६.

हात लांब केला तर— केला. काही नाही. हवा. कोमट नाही, थंड नाही, हवा.

मूळ फाइल: एकोणीस, वीस. तेवढेच. दोन्ही पुन्हापुन्हा ऐकले. एकोणीस. वीस. एकोणीस. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. इतके नक्की आहे. हे दोन शब्द म्हणणाऱ्या माणसाशी मी लग्न करणार होते.

आता बंद करते. दोन ठेवते. बाईंनी ठेवला तसा, खरखरीतला का होईना.

सोमवार, २४ नोव्हेंबर

ठेवले नाहीत.

फक्त पूर्ण ऐकायचे होते. एकदा, एक ते वीस, हसण्यासकट—

आला. पूर्ण. वीस.

०.३.

फाइल उघडली. तेवीस सेकंद शांतता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सकाळी पडदे, पेट्या, सगळे खोक्यांत घातले. तारा काढल्या. खोलीत फक्त खुर्ची आणि एक मायक्रोफोन. काही वाजत नाही. वाजू शकत नाही.

साडेबारा. यंत्र थांबले.

उजव्या कानाशी त्याने माझे नाव घेतले. वजाबाकी नाही, हेडफोन नाही. खोलीत. मग विचारले, ओळखलं का?

स्वच्छ आवाज. घुमत नाही, चिरत नाही, शब्दांच्या कडा पूर्ण. इतका खरा आवाज मी कुठल्याही स्पीकरवर ऐकलेला नाही.

कोणाचा, ते मला सांगता येत नाही.

ताडून पाहायला माझ्याकडे काही उरलेले नाही. एकही अंक नाही. मेसेज नाही. आठवायला गेले तर माझाच—

हो म्हटले आणि तो अश्विन नसेल तर कोणाला हो म्हटले.

नाही म्हटले आणि तो असेल तर—

पुन्हा विचारतो आहे. ओळखलं का. न चिडता.

चंद्रकुमार, ह्या पानाचा फोटो आणि नऊ सेकंदांची फाइल पाठवते आहे. तू त्याच्याबरोबर चार वर्षे काम केलेस. मला दुसरे काही सांगू नकोस, न्यायला येऊ नकोस. फाइल ऐक आणि हा अश्विन आहे की नाही, एवढेच कळव. गुरुवारी, २७ तारखेला, दुपारी बारापर्यंत. तोवर मी उत्तर देणार नाही. तोंडावर हात ठेवला आहे.

तो रडू लागला आहे. अश्विनला रडताना मी कधी ऐकले नव्हते, त्यामुळे ह्यावरूनही—

गुरुवारी बारापर्यंत, चंद्रकुमार. जमले तर आधी. मला फार वेळ असे गप्प